वाचक विचारतात : माळ्यावरून उतरलेली गिटार

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून जुन्या इलेक्ट्रिक गिटारींबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. ऑर्केस्ट्राच्या आणि गणपतीतल्या कार्यक्रमांच्या दिवसांत घेतलेली ही वाद्यं वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होती. हाताला काम कमी झालं तशी ती खाली उतरली. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, 'सध्या खर्च बेतानंच करायचा आहे.' उत्तरं तो हिशोब धरूनच दिली आहेत.

प्रश्न : वडिलांची १९६० च्या दशकातली जपानी बनावटीची गिटार आहे. दोन पिकअपपैकी (तारांखालचं, त्यांचा कंप पकडणारं चुंबक आणि वेटोळं) एकच वाजतो, तोही खरखरतो. तारा गंजल्यात, रंगाला भेगा आहेत. घरचे दोन माग आठवड्यातून चारच दिवस चालतात, पुढच्या महिन्याचं काही सांगता येत नाही. सगळी एकदम नीट करून घ्यावी की थोडी थोडी? (वडगाव)

थोडी थोडीच करा. मात्र प्रत्येक टप्पा संपला की गिटार जोडलेली, तारा चढवलेली आणि वाजती असली पाहिजे. पैसे मध्येच थांबतात, सुटे भाग डब्यात जातात आणि सहा महिन्यांनी कुठला स्क्रू कुठला ते कळत नाही. जुनी गिटार कायमची जाते ती बहुतेक अशीच, अर्धवट खोललेली. म्हणून एका पुठ्ठ्यावर गिटारीची आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आकृतीत त्याच्या जागी खोचा. वायरिंगचे फोटो दोन-तीन बाजूंनी घ्या.

पहिला टप्पा फक्त आवाजाचा. त्याला मल्टीमीटर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा, सोल्डरिंग आयर्न आणि रोझिन भरलेली ६०/४० ची सोल्डर तार एवढंच लागतं. आधी गिटार न खोलता तपासा. केबल जॅकमध्ये घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, मीटर ओहमवर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या पिनचं टोक व दांडी यांना मीटरच्या सळ्या लावा. स्विचनं एकेक पिकअप निवडत जा. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, पिकअप शाबूत असला तर साधारण ५ ते ७ किलो ओहम दिसतात, हमबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा, असला तर ७ ते ९. जपानी पिकअपमध्ये आकडा याहून कमीजास्त निघू शकतो, तो स्थिर आहे ना ते बघा. आकडा एकदम अडीचशे किंवा पाचशे किलो ओहमच्या घरात गेला, तर मीटरला पिकअप दिसत नाही, नुसता व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता रोध) दिसतोय. म्हणजे कॉइल किंवा तिची तार तुटली आहे. शून्य आला तर सिग्नलची तार कुठेतरी अर्थला टेकली आहे. काहीच आकडा आला नाही तर दोष जॅकमध्ये किंवा त्याच्या तारेत. अर्ध्या तक्रारींचं मूळ या पाच मिनिटांत सापडतं आणि खर्च शून्य.

खरखर पॉटची असते. पॉटच्या पायांजवळ जी फट दिसते, तिच्यात क्लीनरचा एक फवारा मारा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे इथे वापरू नका. तो दोन दिवस गुण देतो, मग त्याच्या तेलावर धूळ बसते आणि खरखर दुप्पट होते. स्विचच्या पात्यांमधून स्पिरिटमध्ये बुडवलेला जाड कागद ओढा. तिथे पॉलिश पेपर घासलात तर पात्यांवरचा मुलामा जातो आणि पावसाळ्यात ती पुन्हा काळी पडतात.

पॉट बदलावाच लागला तर सिंगल कॉइलला २५० किलो ओहमचा, हमबकरला ५०० चा, दोन्ही लॉग प्रकारचे (कानाला आवाज एकसारखा वाढवणारे). परदेशी पॉटसाठी अडून बसू नका. रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्याकडे २२० आणि ४७० किलो ओहमचे लॉग पॉट मिळतात. मूळ पॉटमध्येसुद्धा वीस टक्क्यांचा फरक चालत असे, त्यामुळे कानाला हा बदल जाणवत नाही. फक्त दांडा मोजून घ्या. जुनी बटणं पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीच्या दांड्यासाठी असतील तर ६ मिमीच्या दांड्यावर डुलतात.

दुसरा टप्पा तारांचा आणि मानेचा. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा. ०.२ ते ०.३ मिमी हवी, म्हणजे साधारण एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. जास्त असेल आणि मानेत ट्रस रॉड (मानेचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) असेल, तर तारा सैल करा, रॉड घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा फिरवा, तारा पुन्हा सुरात आणा आणि दुसऱ्या दिवशी मोजा. लाकूड सावकाश ऐकतं. रॉड हलत नसेल तर रॉडच्या नटावर यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. पान्ह्याला पाइप लावून जोर केलात तर रॉड आत तुटतो, आणि त्या दुरुस्तीत फ्रेट बसवलेली अख्खी लाकडी पट्टी, म्हणजे फिंगरबोर्ड, उचलावी लागते.

त्या काळच्या पुष्कळ स्वस्त गिटारींमध्ये फिरवता येणारा रॉड नसतोच, नुसती लोखंडी पट्टी असते. अशा मानेला ००९ ते ०४२ चा (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) हलका संच लावा. रॉड असेल तर ०१० ते ०४६ चालेल. बाराव्या फ्रेटवर बारीक तार १.६ मिमी आणि जाड तार २ मिमी उंच राहिली की हाताला बरी लागते. ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती घोडी, तळाला टेकवूनही तारा उंचच राहत असतील, तर मान सोडवा आणि ती बसते त्या खाचेत ब्रिजच्या बाजूच्या टोकाला ०.३ मिमी जाडीची कार्डाची पट्टी ठेवा. मान किंचित मागे झुकते आणि ब्रिजला पुन्हा वाव मिळतो. हा बदल हवा तेव्हा काढता येतो, म्हणून जुन्या वाद्याला तो शोभतो.

इथे थांबलात तरी चालेल. ब्रिज, खुंट्या, फ्रेट हे सगळं पुढे, हातात पैसे खेळतील तेव्हा.

मागवायच्या वस्तूंची यादी मात्र आत्तापासून करत राहा आणि सगळं एकदाच मागवा. बाहेरून येणाऱ्या भागांचा भाव डॉलरबरोबर हलतो आणि पार्सलचा खर्च दरवेळी वेगळा पडतो. मोजल्याशिवाय काहीच मागवू नका. जुन्या अमेरिकन मापाच्या सहा स्क्रूंच्या ट्रेमोलो (दांड्यानं सूर हलवणाऱ्या) ब्रिजमध्ये टोकाच्या दोन स्क्रूंतलं अंतर ५६ मिमी असतं, आजच्या पुष्कळ आयात ब्रिजमध्ये ५२.५. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. खुंटीचं भोकही साडेआठ मिमी आहे की दहा, ते बघून घ्या. स्क्रूंचंही तसंच. जपानी सॅडलमध्ये, म्हणजे ब्रिजवर तारेखाली असलेल्या तुकड्यात, ३ मिमीचा मेट्रिक आटा असतो, अमेरिकनमध्ये ४-४० या इंची मापाचा. एकाचा स्क्रू दुसऱ्यात एक-दोन आटे जातो आणि अडकतो, तिथे जोर केला की आटा गेला. पितळेचं सॅडल किंवा एखादा नाहीसा झालेला स्क्रू यांसाठी परदेशी पार्सलची वाट कशाला बघायची? नमुना घेऊन उद्यमबागेत लेथवर जा. फाउंड्रीच्या कामाला सरावलेल्या त्या हातांना हे काम किरकोळ आहे.

प्रश्न : एका पिकअपची कॉइल तुटली आहे, मीटरवर खात्री केली. आमच्याकडे पंपाच्या मोटरी भरणारा हुशार कारागीर आहे. तो पिकअप भरून देईल का? (हुक्केरी)

त्याचा हात चांगला असेल, पण तार वेगळी आहे. पिकअपमध्ये बहुतेक ४२ गेजची तार असते. तिची जाडी ०.०६३ मिमी, म्हणजे केसाएवढी, आणि एका सिंगल कॉइलवर तिचे आठ हजारांच्या आसपास वेढे. मोटरीच्या तारेचा ताण देणारी बोटं ही तार पहिल्या शंभर वेढ्यांत तोडतात. गिटारीचे पिकअपच भरणाऱ्याकडे तो पाठवा.

पण पाठवायच्या आधी एक बघाच. कॉइल मधोमध क्वचितच तुटते. घामातला क्षार आणि दमट हवा यांनी तार हिरवी पडून तुटते ती बहुधा दोन ठिकाणी, बाहेरच्या वेढ्याचं टोक जिथे जाड वायरला जोडलंय तिथे, नाहीतर तळाच्या पितळी डोळ्यापाशी. वरची पट्टी किंवा दोरा हळू सोडवा आणि घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं भिंग लावून टोक शोधा. सापडलं तर एक-दोन वेढे सोडून ताजी तार घ्या, तिच्यावरचं इनॅमल १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं दोन बोटांत धरून हलकेच काढा आणि एका क्षणात डाग द्या. एक-दोन वेढे कमी झाल्यानं आवाजात काही फरक पडत नाही. आतलं टोक तुटलं असेल तर मात्र नवीन भरण्याशिवाय इलाज नाही. तशा वेळी लोहचुंबक, बॉबिन आणि कव्हर जुनंच वापरायला सांगा.

पिकअप शिट्टी मारत असेल तर वेढे सैल झाले आहेत, तो मेणात बुडवावा लागतो. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं मेण. भांडं थेट शेगडीवर ठेवायचं नाही, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं. थर्मामीटरवर ६५ अंश सेल्सिअस, त्यापुढे जाऊ द्यायचं नाही. बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे दहा ते वीस मिनिटं. जुन्या प्लास्टिकच्या बॉबिनना एवढी उष्णताही जड जाते, त्या मऊ पडून वाकतात. शिट्टी नसेल तर जुना पिकअप मेणात घालूच नका.

प्रश्न : ही गिटार पूर्वी मांडीवर आडवी घेऊन हवाईयन पद्धतीनं वाजवत. नटवर (मानेच्या टोकाला तारा ज्याच्या खाचांतून जातात तो तुकडा) लोखंडी पट्टी चढवून तारा उंच केल्यात. मला ती साध्या पद्धतीनं वाजवायची आहे. आणि पट्टी काढून बघितली तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. (टिळकवाडी)

तुमच्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे. हवाईयन वादनात तारेवरून लोखंडी कांडी फिरते, तार फ्रेटला टेकतच नाही. साठ वर्षांच्या गिटारीचे फ्रेट करकरीत कोरे असणं हे बहुधा याच वाटेनं घडतं. वजाबाकीची बाजू म्हणजे त्या वादनासाठी जाड तारा लावत आणि त्यांच्या ताणानं मानेला बाक येतो. आधी वर सांगितल्याप्रमाणे मान मोजा.

झणझणीचं कारण तुम्हीच लिहिलंय. सतारीची घोडी मुद्दाम जवळजवळ सपाट घासलेली असते, कंपणारी तार त्या सपाटीला हलकेच चाटत राहते आणि जवारी बोलते. गिटारीच्या नटमधली खाच सपाट किंवा उलट्या उताराची झाली की अगदी तेच घडतं. फक्त तिथे ते नको असतं. खाचेचा सगळ्यात उंच बिंदू फ्रेटच्या बाजूच्या कडेवर हवा आणि तिथून खाच खुंट्यांकडे उतरत गेली पाहिजे. तार निम्मी खाचेत, निम्मी वर.

नट प्लास्टिकचा आणि चिरलेला असेल तर हाडाचा बसवा. यासाठी मिरजेला जायला हरकत नाही. तिथल्या सतारमेकर गल्लीत हाडाच्या घोड्या रोज घासल्या जातात, कारागिराला उताराचं गणित समजावून सांगावं लागत नाही. जुना नट नमुन्यासाठी बरोबर न्या. आणि 'जवारी नको, तार मोकळी सुटायला हवी' एवढं सांगा.

स्वतः करायचं असेल तर नटच्या खास कानशी महाग पडतात. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्याकडे गॅसच्या नोझल साफ करायच्या सुयांचा छोटा संच मिळतो. वेगवेगळ्या जाडीच्या त्या खरबरीत सुया हेच काम करतात. तारेच्या जाडीपेक्षा जराशी जाड सुई घ्या. खाच किती खोल न्यायची याची खूण अशी: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे झेरॉक्सचा एक कागद, म्हणजे ०.१ मिमी, जेमतेम सरकला की थांबा. शेवटच्या दोन-तीन घासांत घाई होते आणि खाच खाली जाते. तसं झालंच तर हाडाचा भुसा आणि पातळ सुपरग्लू एकत्र भरून पुन्हा घासता येतं, पण ती मलमपट्टी.

काही फ्रेट वर उठलेले निघाले तर ते घासून एका पातळीत आणावे लागतील. त्याला खात्रीची सपाट पट्टी लागते. सुताराची मोजपट्टी पुरत नाही. उद्यमबागेत सरफेस ग्राइंडिंग करणाऱ्याकडून ४०० मिमी लांबीची चौकोनी लोखंडी पट्टी एका बाजूनं ग्राइंड करून घ्या. तिच्यावर दुपदरी टेपनं ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, फिंगरबोर्डच्या लाकडावर मास्किंग टेप लावा, प्रत्येक फ्रेटच्या डोक्यावर मार्करनं शाई फिरवा आणि स्वतःच्या वजनानं पट्टी फिरवा. सगळ्या फ्रेटवरची शाई एकदा पुसली गेली की पुरे. मग सपाट झालेली डोकी तिकोनी कानशीनं गोल करा, ६०० पासून २००० पर्यंत पेपर मारा. फ्रेटचा धातू निकेल-सिल्व्हर म्हणून विकतात. त्यात चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदीच्या नावाखाली कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न : रंग जागोजागी तडकलाय. फर्निचरवाला एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारून नवी करून देतो म्हणतो. मारून घेऊ? (निपाणी)

नको. जुन्या गिटारीचा मूळ रंग गेला की विक्रीची किंमत निम्म्यावर येते आणि हा खर्च परत मिळत नाही. बारीक भेगांनी आवाज बिघडत नाही. ओल्या फडक्यानं धूळ पुसा, मग कोरडं फडकं, बस. रंगाचे टवके उडून लाकूड उघडं पडलं असेल तर तेवढ्याच जागी बारीक ब्रशनं थेंब-थेंब लॅकर सोडा. तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. दमट हवेत एनसी लॅकर वाळताना हवेतलं पाणी ओढतं आणि दुधासारखं पांढरं पडतं.

मूळ रंग कुठला ते मानेच्या खाचेत, जिथे दिसणार नाही तिथे, कापसावर अ‍ॅसिटोनचा ठिपका लावून कळतं. मऊ होऊन कापसाला लागला तर नायट्रो, तसाच राहिला तर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. पॉलिएस्टरवर एनसीचा थर धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात.

प्रश्न : तारांना हात लावला की हम (सततची गुणगुण) कमी होतो. माइकला ओठ लागले की मात्र झटका बसतो. जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आहे, दोन पिनांचा. (खानापूर)

आजपासून तो अँप्लिफायर वापरू नका. हात लावल्यावर हम कमी होणं हे निरोगी गिटारीचं लक्षण आहे. ब्रिजपासून पॉटच्या पाठीपर्यंत गेलेली अर्थची तार शाबूत आहे, फक्त आतल्या पोकळीला तांब्याची फॉइल लावायची राहिली. झटका ही वेगळी आणि जिवावरची गोष्ट आहे. अँप्लिफायरचा सांगाडा अर्थला जोडलेला नाही, त्यातून गळणारी वीज तुमच्या तारांपर्यंत येते आणि तुमच्या अंगातून माइककडे जाते. तीन पिनांची वायर आणि खरोखर जमिनीत गेलेलं अर्थिंग, दोन्ही हवं. भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला मागे तार जोडली आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या.

अँप्लिफायर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाकडेच द्या. अँप्लिफायर जपानहून आलेला असेल तर तो १०० व्होल्टचा आहे, अमेरिकेचा असेल तर १२० चा. २३० ला सरळ लावला की ट्रान्सफॉर्मर जळतो.

प्रश्न : ओव्हरटाइम बंद झालाय, मुलांची फी भरायचीय. अमेरिकन बनावटीची म्हणून सांगितलेली गिटार विकावी म्हणतो. आधी दुरुस्त करून विकली तर जास्त येतील का? (चिकोडी)

विकायचीच असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, पुसूही नका. घेणाऱ्याला हात न लागलेली वायरिंग हवी असते. आधी ती खरंच काय आहे ते ठरवा. मागचं झाकण काढून पॉटच्या पाठीवर किंवा कडेला छापलेला आकडा वाचा. १३७ नं सुरू होणारा पॉट सीटीएस कंपनीचा, ३०४ नं सुरू होणारा स्टॅकपोलचा. सात आकडी असेल तर पुढचे दोन आकडे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. १३७६६३३ म्हणजे सीटीएसनं १९६६ च्या तेहतिसाव्या आठवड्यात केलेला. गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते. पॉट कुणी बदललाय का ते सोल्डरचा डाग बघून कळतं. जुना डाग मळकट आणि शांत दिसतो, नवा चमकतो. फेंडरवर १९७६ पर्यंत क्रमांक मानेच्या मागच्या लोखंडी पट्टीवर असे, पुढे तो डोक्यावर आला. गिब्सनच्या डोक्यामागे ठोकलेला 'मेड इन यूएसए' हा शिक्का १९७० पासूनचा. १९६० ची म्हणून सांगितलेल्या गिब्सनवर तो दिसला तर वर्ष चुकीचं आहे.

हे सगळं जुळलं तर घाईत गावातल्या पहिल्या माणसाला देऊ नका. क्रमांक, पॉटचे आकडे, मानेच्या टाचेवरचे शिक्के आणि प्रत्येक ओरखड्याचे उजेडातले फोटो काढून तीन ठिकाणांहून भाव घ्या. पूर्वी काढून ठेवलेले जुने भाग, पेटी, पावती, पट्टा जे असेल ते बरोबर द्या, त्यांनीही भाव वाढतो. आणि ती देशी किंवा साधी जपानी निघाली तर हातात येणारी रक्कम फीच्या मानानं फार नसेल. ती वाजवणारं घरात कुणी असेल तर आधी त्याला विचारा. ऑर्केस्ट्रात वाजलेली तीच गिटार पुन्हा विकत मिळत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात कशी ठेवावी? (जांबोटी)

बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ती भिंत आतून ओली असते. प्लास्टिकमध्येही गुंडाळू नका, बुरशी धरते. पेटीत ठेवा, तारा अर्धा सूर उतरवा आणि शंभर ग्रॅम सिलिका जेलच्या दोन पुरचुंड्या टाका. स्वस्तातला आर्द्रतामापक आत ठेवून ४५ ते ५५ टक्के राखायचा प्रयत्न करा. घाटाच्या कडेला जुलैत ते जमणार नाही, साठच्या आत राहिलं तरी पुष्कळ. दाण्यांचा रंग बदलला की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास. शिसवीच्या फिंगरबोर्डला वर्षातून एकदा लेमन ऑइलचे चार थेंब. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं. जुनं सेल्युलॉइडचं पिकगार्ड (गिटारीच्या अंगावरचं पातळ आवरण) आक्रसून वाकलं असेल आणि कापरासारखा वास येत असेल, तर ते काढून पेटीबाहेर, उघड्या हवेत ठेवा. त्यातून सुटणारी वाफ बंद पेटीत पिकअप, स्क्रू आणि तारा सगळ्यांना गंज चढवते.